जालियनवाला बागेत फोटो काढावा का?

२०२३च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका मित्राच्या लग्नाला लुधियानाला गेलो होतो. लग्न आटोपल्यावर हातात दीड दिवस उरत होता, म्हणून अमृतसर गाठलं. पहाटे सुवर्णमंदिर, नंतर गल्लीतल्या दुकानात कुलचा-छोले, आणि दहाच्या सुमारास जालियनवाला बाग. तिथून बाहेर पडलो तेव्हा मी चांगलाच वैतागलेला होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "इथे लोक रील बनवतायत. काही लाजच नाही."

अर्ध्या तासाने आईने उत्तरादाखल एक फोटो टाकला. मे २००९. बारा वर्षांचा मी, डोक्यावर टोपी, त्याच बागेतल्या विटांच्या भिंतीशी उभा. एका हाताचं बोट गोळीच्या खुणेत घातलेलं, दुसऱ्या हाताने व्हिक्टरीची खूण, आणि चेहऱ्यावर तोंडभर हसू. फोटोखाली आईने दोनच शब्द लिहिले होते : "हा कोण?"

त्या दिवशी मी ग्रुपवर पुढे काही लिहिलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. अशा जागी माणसाने कसं वागावं? मुळात तिथे जावं का? आणि वागणं चुकतं तेव्हा दोष माणसाचा असतो, की जागेचाही? गेलं वर्षभर फावल्या वेळात जालियनवाला बागेबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हे एका प्रवाशाने केलेलं उशिराचं वाचन आहे, एवढंच समजून घ्या.

*

२००९ची ती सहल एका ट्रॅव्हल कंपनीबरोबरची होती. एका दिवसात सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि संध्याकाळी वाघा बॉर्डर. बागेसाठी चाळीस मिनिटं. गाईड पुनःपुन्हा सांगत होता की वाघ्याला उशीर झाला तर पुढची जागा मिळणार नाही. त्यामुळे चाळीस जणांचा आमचा घोळका अरुंद बोळातून आत शिरला, विहीर बघितली, पांढऱ्या चौकटी केलेल्या गोळ्यांच्या खुणा बघितल्या, फोटो काढले आणि बाहेर आला.

आजी आत आलीच नाही. बाहेर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. बाबांनी दोनदा विचारलं, "आई, एवढ्या लांब आलो आहोत, नुसतं बघून तरी ये." ती म्हणाली, "माणसं मेली ती जागा. मसणात कोणी सहलीला जातं का?" मला तेव्हा ती अडाणी वाटली होती. आम्ही देशभक्त, कारण आम्ही आत गेलो होतो.

आता मोजायला बसलो तर आमच्या एकाच कुटुंबात तीन तऱ्हा होत्या. आजी : दुःखाच्या जागी जाऊच नये. बाबा : जावं, हात जोडावेत, आवाज करू नये. आणि मी : जावं, बोट घालून बघावं, हसून फोटो काढावा. बागेत रोज येणारी गर्दी साधारण याच तीन तऱ्हांमध्ये वाटलेली असते.

आणि ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. "भारतीयांना शिस्तच नाही" हे वाक्य मीही त्या दिवशी मनात म्हणून घेतलं होतं. ते खोटं आहे. पोलंडमधल्या आउशवित्झ स्मारकाला २०१९ साली ट्विटरवरून लोकांना विनंती करावी लागली होती की छळछावणीकडे जाणाऱ्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो काढू नका. बर्लिनमध्ये युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, २००५ साली खुलं झालेलं. लोक त्यावर उड्या मारतात, योगासनं करतात, डबा खातात. २०१७च्या जानेवारीत शाहाक शापिरा या इस्रायली-जर्मन लेखकाने तिथले बारा सेल्फी घेतले आणि त्यांतल्या माणसांच्या मागे छळछावण्यांतल्या प्रेतांची खरी छायाचित्रं जोडून इंटरनेटवर टाकली. ते बघून त्या फोटोंतल्या माणसांनी त्याच्याशी संपर्क साधला, आणि मग त्याने ती पानं काढून टाकली. गंमत म्हणजे स्मारकाचा वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन याचं मत उलटं होतं. लोकांनी तिथे ऊन खात बसायला, खेळायला त्याची हरकत नव्हती. ही काही दफनभूमी नाही, असं त्याचं म्हणणं.

आयझेनमनचा युक्तिवाद बर्लिनला लागू पडेलही. त्या ठोकळ्यांखाली कोणी पुरलेलं नाही. जालियनवाला बागेला तो लागू पडत नाही, कारण तिथे स्मारक आणि घटनास्थळ एकच आहे. म्हणून तिथे काय झालं ते आधी सांगायला हवं. शाळेच्या पुस्तकात ते चार ओळींत उरकलेलं असतं.

*

१३ एप्रिल १९१९, रविवार, बैसाखी. तीन दिवस आधी, १० एप्रिलला, डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू या रौलट कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या नेत्यांना सरकारने अमृतसरमधून उचलून नेलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावाने बँका जाळल्या आणि पाच युरोपियनांना ठार केलं. शहराचा ताबा ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायरकडे गेला. १३ तारखेच्या सकाळी त्याने सभाबंदीची दवंडी पिटवली. ती शहराच्या काही भागांतच फिरली, बऱ्याच भागांत पोहोचलीच नाही.

त्या दिवशी दुपारी बागेत सभा होती. 'बाग' हे नावच तेवढं. खरं तर ती घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली, उंचसखल मोकळी जागा होती. डायर सव्वापाचच्या सुमारास आला. बरोबर पन्नास बंदूकधारी सैनिक, आणखी चाळीस गुरखे नुसत्या कुकऱ्या घेतलेले, आणि मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या. बोळ जेमतेम सात-आठ फुटांचा. गाड्या आत जाईनात, म्हणून त्या बाहेर ठेवल्या. आत शिरल्यावर त्याने सैनिक दोन्ही बाजूंना पसरवले आणि कसलीही सूचना न देता गोळीबार सुरू करायला सांगितलं. तो सुमारे दहा मिनिटं चालला. १६५० गोळ्या.

इथे माझ्यातल्या इंजिनिअरने सवयीने भागाकार केला. १६५० भागिले ५० म्हणजे माणशी ३३ गोळ्या. दहा मिनिटांत ३३, म्हणजे साधारण अठरा सेकंदांना एक. त्या काळचा प्रशिक्षित सैनिक त्या बंदुकीतून मिनिटाला पंधरा नेम धरून झाडू शकत असे. म्हणजे हा घाबरून, गोंधळून केलेला गोळीबार नव्हता. सावकाश, थांबून, नेम धरून केलेला होता. डायरने स्वतःच सांगितलं की गर्दी जिथे दाट होती तिकडे तो मारा वळवत होता, आणि दारूगोळा संपत आला तेव्हा थांबला. शाळेत '१६५० फैरी' हा आकडा मी पाठ केला होता, पण तो भागून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

पुढे हंटर समितीसमोर डायरची साक्ष झाली तेव्हा मुंबईचे वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं की बोळ रुंद असता तर मशीनगनच्या गाड्या आत नेऊन त्या वापरल्या असत्या का. उत्तर आलं : बहुधा हो.

हे वाचल्यावर तो बोळ माझ्यासाठी बदलला. त्या अरुंदपणामुळे माणसं बाहेर पडू शकली नाहीत, आणि त्याच अरुंदपणामुळे मशीनगन आत येऊ शकल्या नाहीत. त्या दिवशी किती माणसं मेली आणि किती वाचली, त्यात भिंतींमधल्या त्या सात-आठ फुटांचा हात आहे. बागेत इतर काही नसतं तरी तो बोळ हाच एक पुरावा होता.

*

मेले किती? सरकारी आकडा ३७९. काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज सुमारे हजार. इतका फरक का, हे समजायला मला माझ्याच धंद्यातलं उदाहरण उपयोगी पडलं. एखाद्या सिस्टिममधल्या चुकांची नोंद तुम्ही महिनोन्‌महिने ठेवलीच नाहीत, आणि मग एके दिवशी जाहीर केलंत की ज्यांना त्रास झाला त्यांनी स्वतः येऊन सांगा, पण सांगणाऱ्यावरच कारवाई होऊ शकते, तर नोंदवहीत काय येईल? अमृतसरमध्ये हेच झालं. दोन दिवसांत लष्करी कायदा लागला. मृतांची मोजणी कित्येक महिन्यांनी सुरू झाली. आपला माणूस बागेत होता असं कबूल करणं म्हणजे बंदी घातलेल्या सभेला तो गेला होता असं कबूल करणं. बरेच जण गप्प राहिले.

जे बोलले त्यांचं म्हणणं मात्र काँग्रेसच्या चौकशी समितीने लिहून घेतलं. तिच्यात गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. माझ्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे त्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तिथलं ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. त्या ग्रंथालयावरून शेकडो वेळा गेलो असेन, पण नावामागचा माणूस पंजाबात गावोगावच्या जबान्या घेत फिरला होता हे मला ठाऊक नव्हतं. समितीने सतराशेहून जास्त साक्षी तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे साडेसहाशे छापल्या.

त्यातली रतनदेवींची जबानी मी एकदाच सलग वाचू शकलो. त्या बागेजवळच राहत होत्या. गोळ्यांचे आवाज ऐकून धावल्या, प्रेतांच्या राशीत नवऱ्याला शोधून काढलं. घरी न्यायला खाट हवी होती, पण रात्री आठनंतर संचारबंदी. मदतीला कोणी येईना. मग त्या रात्रभर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसल्या. कुत्री येत होती म्हणून हातात बांबूची काठी. जवळच बारा वर्षांचा एक जखमी मुलगा त्यांना सोडून जाऊ नका म्हणून विनवत होता. त्याने पाणी मागितलं, आणि त्यांच्याकडे पाणी नव्हतं. शहरातल्या घड्याळाचे टोले मात्र वेळेवर पडत होते.

बारा वर्षांचा मुलगा. आईने टाकलेल्या फोटोत मी बारा वर्षांचाच आहे.

*

आता ज्या मुद्द्याने माझा राग उतरला तो सांगतो.

ती गर्दी कोण होती? शाळेत वाटायचं की सगळे सत्याग्रही, घोषणा देत आलेले. सभेसाठी आलेले पुष्कळ होतेच. पण दिवस बैसाखीचा होता. आसपासच्या गावांतून माणसं दरबार साहिबच्या दर्शनाला आणि जत्रेला अमृतसरमध्ये आली होती. दर्शन झालं, गुरांच्या बाजारात फिरून झालं, ऊन होतं, बसायला मोकळी जागा दिसली, तिथे काही भाषण चाललंय म्हणून टेकले. काहींबरोबर मुलं होती. हंटर समितीच्या अहवालातच नोंद आहे की मोजल्या गेलेल्या ३७९ मृतांपैकी सुमारे ८७ जण बाहेरगावचे किंवा आसपासच्या खेड्यांतले होते. त्यांच्यापर्यंत दवंडी पोहोचण्याचा संबंधच नव्हता.

थोडक्यात, त्या दिवशी बागेत बसलेल्यांमध्ये पुष्कळ जण आमच्यासारखेच होते : देवदर्शनाला आलेले, पुढे कुठे जायचं ते ठरवणारे, मुलांना आवरणारे, कुणाशी तरी हसून बोलणारे. मी डिसेंबरात ज्यांच्यावर चिडलो ती दोन पोरंही सुवर्णमंदिरातूनच आली असणार; डोक्याला बांधलेले केशरी रुमाल अजून तसेच होते. १९१९ साली ती असती तर नेमकी तिथेच बसली असती.

याचा अर्थ तिथे काहीही केलेलं चालेल असा मी घेत नाही. पण 'हसणं म्हणजे अपमान' हे समीकरण मला आता पटत नाही. फरक हसण्यात नसून माहीत असण्यात आहे. हा बोळ किती रुंद आणि का महत्त्वाचा, हे माहीत असलेला माणूस एखादा फोटो काढेलही, पण भिंतीत बोट घालून व्हिक्टरीची खूण करणार नाही. २००९ साली मला ते कोणी सांगितलं नव्हतं. गाईडला वाघा गाठायचा होता, आणि भिंतीवर फक्त पांढऱ्या चौकटी होत्या.

*

स्मारक कशासाठी, हा वादही नवा नाही. बाग स्मारकासाठी विकत घ्यायची आणि देशभरातून वर्गणी जमवायची असं काँग्रेसने ठरवलं, तेव्हापासूनच तो सुरू झाला. १९२० साली पहिल्या स्मृतिदिनी मुंबईत सभा होती, तिच्यासाठी जिनांनी रवींद्रनाथ टागोरांकडे संदेश मागितला. ज्या टागोरांनी या हत्याकांडानंतर 'सर' ही पदवी सरकारला परत केली होती, त्यांनी कळवलं ते सभेला गैरसोयीचंच होतं. अन्यायाची आणि संतापाची काळी आठवण दगडात कोरून पुढच्या पिढ्यांवर तिचं ओझं टाकू नये. ज्यापुढे आदराने मान झुकेल त्याचीच स्मारकं मागे ठेवावीत, असा त्याचा आशय होता.

गांधींनी त्याच वर्षी 'यंग इंडिया'त उलट बाजू मांडली. हे स्मारक इंग्रजांचा द्वेष जागा ठेवण्यासाठी नाही. काही गुन्हा नसताना जे मेले त्यांना राष्ट्राने विसरणं परवडणार नाही, म्हणून ते हवं.

माझी आजी टागोरांच्या बाजूची म्हणायची. तिने ते वाचलं नव्हतं, पण दुःखाची जागा बघण्याची वस्तू करू नये, हे तिचंही म्हणणं होतं. गांधींची अट मात्र बारकाईने वाचली तर कठीण आहे. 'विसरू नये' यासाठी आधी काय झालं ते ठाऊक हवं. नुसता दगड उभारून ते होत नाही.

लोकांच्या वर्गणीतून साडेपाच लाखांहून जास्त रुपयांना बाग विकत घेतली गेली. प्रत्यक्ष स्मारक उभं राहायला १९६१ उजाडलं. बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुरचनाकाराने आखलेल्या, ज्योतीसारख्या दिसणाऱ्या लाल दगडी स्तंभाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १३ एप्रिललाच केलं. पुढे २०२० साली नूतनीकरणासाठी बाग बंद झाली आणि २८ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधानांच्या हस्ते, ऑनलाइन समारंभात, पुन्हा खुली झाली. नवी दालनं, ध्वनिप्रकाश कार्यक्रम, स्तंभाभोवती कमळांचं तळं, विहिरीला काचेचं आवरण. आणि त्या बोळाच्या दोन्ही भिंतींवर बागेकडे चाललेल्या माणसांची शिल्पं. त्यांतली काही हसताहेत.

या नूतनीकरणावर बरीच टीका झाली. या हत्याकांडावर पुस्तक लिहिणारे इतिहासकार किम वॅगनर, भगतसिंगांवर संशोधन करणारे चमन लाल यांनी घटनेच्या खुणाच पुसल्या गेल्याचं म्हटलं. काही राजकीय नेते बोलले. काहींना ते आवडलंही.

मला ती शिल्पं बघताना दोन्ही वाटलं. कल्पना खरी आहे : माणसं अशीच, सणाच्या दिवशीच्या चेहऱ्यांनी आत गेली होती, आणि हे कोणी तरी दाखवायलाच हवं होतं. पण दाखवण्यासाठी जागा निवडली ती नेमकी पुराव्याची. २००९ सालच्या नुसत्या विटांच्या बोळात दोन्ही हात पसरून बघितलं की काही सांगावं लागत नव्हतं. आता तिथे हात पसरावेसे वाटत नाहीत. थांबून शिल्पांशेजारी उभं राहून फोटो काढावासा वाटतो, आणि माझ्यासमोर बहुतेक जण तेच करत होते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की वापरणारा सतत चुकीचं बटन दाबत असेल, तर त्याला शिव्या देण्याआधी आपली स्क्रीन बघा. मी त्या पोरांना मनात शिव्या देत होतो आणि स्क्रीन बघितलीच नव्हती.

*

त्या पोरांना मी काय बोललो तेही सांगून टाकतो. विहिरीजवळ एकाने मोबाईल धरला होता, दुसरा केसांतून हात फिरवत चालून येत होता. तीनदा चालून झालं. चौथ्या वेळी मी म्हणालो, "भाई, यहाँ लोग मरे थे." मोबाईलवाल्याने तो खाली केला. ओशाळून म्हणाला, "पता है भैया, बोर्ड पे लिखा है." मग थोडं थांबून विचारलं, "सब इसी में गिरे थे क्या?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. फलकावर या विहिरीतून १२० मृतदेह काढल्याचं लिहिलेलं आहे, तेवढंच मी वाचून दाखवलं. बोळ, गाड्या, भागाकार, बैसाखीला आलेली खेड्यांतली माणसं, काठी घेऊन बसलेल्या रतनदेवी, यांतलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त गंभीर चेहरा करून आलो होतो. त्याने निदान प्रश्न तरी विचारला होता.

आजी आता नाही. तिच्या 'मसणात कोणी सहलीला जातं का' याला माझ्याकडे आज एवढंच उत्तर आहे की सहलीला नको, पण भेटायला जावं; आणि भेटायला जाताना ज्यांना भेटायचं त्यांच्याबद्दल थोडं विचारून घ्यावं. बहिणीची मुलगी यंदा सातवीत आहे, आणि त्यांचं मे महिन्यात अमृतसरला जायचं चाललंय. मी तिला बारा वर्षांचा मी असलेला तो फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की जायच्या आधी मला एक फोन कर, अर्धा तास काढून.

तिने विचारलं, "मामा, तू एवढा हसतोयस का?"

फोनवर सांगतो म्हणालो.